टिप्स की शस्त्रक्रियेचा शंट? आधी लिव्हर किती चालतंय ते बघा

रक्ताची उलटी झाली, एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दिसल्या, बँड लावले, तरी पुन्हा रक्त आलं. किंवा दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढायला भरती व्हावं लागतंय. अशा वेळी डॉक्टर शंटचं नाव काढतात आणि घरचे विचारतात, सुईने करायचा की ऑपरेशनने? त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी. पोर्टल शिरेतला (आतड्याकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब लिव्हर खराब झाल्यामुळे वाढला आहे, की लिव्हर धड असून शीरच बंद पडली आहे?

हे आधी यासाठी, की बहुतेक शंट एकच काम करतात: आतड्याकडून येणारं रक्त लिव्हरला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत सोडतात. दाब उतरतो, रक्तस्राव थांबतो. पण लिव्हरने गाळायचा अमोनियाही तसाच मेंदूपर्यंत पोचतो. लिव्हर मुळात थकलेलं असेल तर माणूस बरळायला लागतो.

टिप्स म्हणजे सुईने करायचा शंट, यात पोट उघडत नाहीत. मानेच्या उजव्या शिरेतून नळी लिव्हरच्या शिरेत नेतात, तिथून लिव्हरच्या आतूनच सुई पोर्टल शिरेच्या फांदीत घालतात, फुग्याने वाट रुंद करतात आणि 8 ते 10 मिमीचा आवरण असलेला स्टेंट बसवतात. दोन शिरांमधल्या दाबाचा फरक 12 मिमी पाऱ्याच्या (mmHg) खाली आणणं हे लक्ष्य. सिरोसिसच्या (लिव्हर कडक होऊन खराब झालेल्या) रुग्णात ऑपरेशनपेक्षा हे बहुतेक वेळा बरं, कारण अशा पोटाला चीर आणि लांबलेली भूल सोसत नाही. पण पहिल्या वर्षात साधारण तिघांपैकी एकाला गुंगीचा त्रास होतो. पोर्टल शिरेतलं रक्त एकदम हृदयाकडे वळतं, म्हणून हार्ट फेल्युअर किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जास्त दाब असेल तर टिप्स करत नाहीत. आधी टूडी इको झालाच पाहिजे. पाण्यासाठी टिप्स करायची आणि बिलिरुबिन (काविळीचा आकडा) 3 च्या वर असेल तर डॉक्टर कचरतात, ते योग्यच.

इथे विदर्भापुरती एक गोष्ट. रुग्णाला सिकलसेल असेल तर लाल पेशी फुटल्यामुळेही बिलिरुबिन चढतं. नुसता एकूण आकडा पाहून 'लिव्हर गेलं' म्हणू नये, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट वेगळं बघावं. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये प्लीहा मोठेपणीही वाढलेली राहू शकते, त्यामुळे मोठी प्लीहा म्हणजे पोर्टल शिरेतला वाढलेला दाबच असंही धरू नये. सिकलसेलचा रिपोर्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात आधीच द्या.

शस्त्रक्रियेचा शंट खरा कामाचा ठरतो तो लिव्हर चांगलं असताना. पोर्टल शीर लहानपणीच बंद पडलेली मुलं आणि सिरोसिस नसलेले काही तरुण यात येतात. बंद शिरेत टिप्सची सुई घालायची कुठे, हीच अडचण असते. मग प्लीहेची शीर डाव्या किडनीच्या शिरेला जोडतात. एका पद्धतीत प्लीहा काढतात. त्यात न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या लशी किमान दोन आठवडे आधी टोचून घ्यायच्या असतात, आणि ऐन गडबडीत नेमक्या त्याच राहतात. दुसऱ्या, वॉरन पद्धतीत प्लीहा राहते आणि गुंगीचा धोका कमी असतो, पण पोटातलं पाणी हटत नाही, उलट वाढू शकतं. मुलांमध्ये लिव्हरमधली डावी पोर्टल शीर उघडी असेल तर रेक्स बायपासबद्दल जरूर विचारा. त्यात रक्त वळसा न घालता पुन्हा लिव्हरमध्येच जातं.

अंतर हाही मुद्दा आहे. बँडिंग दर दोन ते चार आठवड्यांनी, शिरा बसेपर्यंत करावं लागतं. गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूर गाठायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात उलटी झाली तर? लिव्हर चांगलं असलेल्या अशा मुलासाठी एकदाच केलेला चांगला शंट आमच्या मते जड पारड्यात बसतो.

सिरोसिसमध्ये मात्र बँडिंग आणि कार्व्हेडिलॉल (पोर्टल शिरेतला दाब उतरवणारी गोळी) नीट करून पाहिल्याशिवाय टिप्सची घाई नको. अपवाद एक: लिव्हर बरंच खालावलेलं असताना जोरात रक्तस्राव झाला, तर निवडक रुग्णांत 72 तासांच्या आत टिप्स केल्याने जीव वाचण्याची शक्यता वाढते. पाणी काढणं चालूच ठेवायचं ठरलं, तर एका वेळी 5 लिटरच्या वर काढताना दर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन (शिरेतून द्यायचं प्रथिन) लागतं. म्हणजे 8 लिटरला 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या साधारण तीन बाटल्या. खर्चाची तुलना करताना हे धरा. महात्मा जोतिराव फुले योजनेतून करायचं असेल तर आरोग्यमित्राला स्टेंट पॅकेजमध्ये आहे का हे वेगळं विचारा. लिव्हरच प्रत्यारोपणाच्या टप्प्यावर असेल, तर प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनचं मत स्टेंट बसवण्याआधी घ्या. स्टेंट फार लांब सरकला, तर पुढची जोडणी अवघड होते.

टिप्सनंतर घरी लॅक्टुलोज अशा मापाने द्यायचं की दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील. प्रथिनं बंद करू नका. डाळ, दही, अंडं चालू ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात लघवीच्या गोळ्या, घाम आणि बद्धकोष्ठ एकत्र आले की गुंगी चढते. तेव्हा गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारून ठरवा. दिवसा झोप आणि रात्री जागरण, सही वाकडी होणं, पुढे धरलेले हात फडफडणं, यांतलं काहीही दिसलं तर दुचाकीची चावी काढून घ्या आणि त्याच दिवशी दाखवा. झोपेची गोळी देऊ नका. आवरणाच्या स्टेंटची पहिली डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) दुसऱ्या दिवशी करून उपयोग नसतो, आवरणातली हवा आतलं दिसू देत नाही. ती एक-दोन आठवड्यांनी करा, पुढे दर सहा महिन्यांनी.