अंगोराच्या नावाखाली माझे ८,५८० रुपये गेले

लोकरीचं किट ४,२००, अनामत २,५००, कुरिअर ३८० आणि शेवटी ‘फेरतपासणी’चे १,५००. घरच्यांना मी अजून निम्मेच सांगितलेत.

काम असं होतं: घरबसल्या अंगोरा नावाच्या लोकरीचे हलके स्वेटर विणा, नगाला १,८०० मिळवा. असली कामं कशी चालतात ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही होतं. पण मी काही अडाणी नाही. वडील सोलापूरच्या गिरणीत होते, पंचवीस वर्षं माझ्या हातात सुया आहेत. लोकरीचे गुंडे खरोखर घरी आले, मग संशय कशाचा घ्यायचा?

घ्यायला हवा होता. गडद निळी साडी नेसून अकरा संध्याकाळी विणत बसले: पाठ, पुढा, दोन्ही बाह्या. पदरावर एक केस चिकटला नाही! अंगोराचे बारीक तंतू सुटतात, कपड्यांना चिकटतात, नाकात जातात. शिवाय अंगोरा इतकी ऊबदार, की आपल्या एप्रिलच्या उकाड्यात मांडीवर धरवली नसती. आणि मी मनात म्हणत होते, किती स्वच्छ माल आहे. ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. फोनवरचा माणूस ‘अंगोरा शेळीची लोकर’ म्हणाला होता. शेळीची असते ती मोहेर, अंगोरा सशाची. हे मला नंतर कळलं. अनामत मागितली की तिथंच फोन ठेवा.

‘टाके असमान’ म्हणून स्वेटर नाकारला. ‘फेरतपासणी’ व्हावी म्हणून १,५०० भरले, आणि नंबर बंद. उरलेला धागा जाळला. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता, राख बोटांत चुरली असती. इथे प्लास्टिकचा वास आणि टणक काळा मणी. निव्वळ कृत्रिम धागा.

पोलीस ठाण्यात गेले, तर ‘सायबरकडे जा’. तिथे ‘माल मिळालाय ना, मग दिवाणी बाब’. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्तावर. तीन फेऱ्या, तीनदा तोच अर्ज, पोच एकदाही नाही. एकानं तर विचारलं, ‘मॅडम, एवढ्याशा रकमेसाठी?’ एवढीशी? बँकेत ऐकवलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी नऊ दिवस लाजत बसले. आणि लेखी पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

गल्लीतल्या एका वहिनींकडे परवाच तसलंच किट आलंय. अनामत अजून भरलेली नाही. आज संध्याकाळी काडेपेटी घेऊन त्यांच्याकडे जातेय.