ड्रायसूटच्या आतला सूट: १४ महिने वापरून, आणि लातूरच्या बोअरच्या पाण्यात धुवून

ड्रायसूट म्हणजे गार पाण्यात उतरताना वरून घालायचा, पाणी आत येऊ न देणारा सूट, आणि हे त्याच्या आत घालायच्या उबदार सूटबद्दल. तो किती ग्रॅमचा, पॅनेल कुठं कुठं, त्यात जात नाही. थिन्सुलेट म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचं उबदार भरण असलेला, अंगभर एकच तुकडा, ३८ हजाराला पडला आणि ते सगळे माझ्या खिशातून गेले. मी आईसलँडला सिल्फ्रा नावाच्या, पाण्यानं भरलेल्या जमिनीतल्या भेगेत स्नॉर्केलिंगचा, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर पोहण्याचा गाईड आहे, पाणी बाराही महिने २ ते ४ डिग्री, एका टूरला तीस-चाळीस मिनिटं पाण्यात आणि दिवसाला दोन-तीन टूर. ड्रायसूट फक्त पाणी बाहेर ठेवतो, ऊब सगळी आतल्या सूटची, म्हणजे त्यात अडकलेल्या हवेची. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जोरात अंगातली उष्णता ओढून नेतं, त्यामुळं आतला सूट दमट राहिला तर वरचा कितीबी भारी असू द्या, गारठताच.

सुरुवातीचे काही महिने तक्रार नव्हती. मग डिसेंबरात सुट्टीला लातूरला आलो तेव्हा सूट सोबत आणलता, म्हणलं आरामात धुवू. महिनाभरात चार वेळा धुतला, कारण वास जाईना. बोअरचं पाणी, नेहमीची पावडर, आणि फेस येत नाही म्हणून आणखी मूठभर पावडर. चौथ्या वेळेला वहिनीनं मायेनं झाकणभर सॉफ्टनर टाकलं, मऊ राहील म्हणून. वाळल्यावर सूट हातात धरला तर पुठ्ठ्यासारखा. मला वाटलं थंडीनं असंल.

फेब्रुवारीत परत गेलो आणि पहिल्याच टूरला वीस मिनिटांत मांड्या आणि कंबर गार पडली. पहिली शंका सूट गळतोय अशी, पण बाहेर येऊन बघितलं तर पाण्याचा थेंब नाही, नुसता घाम, आणि तो बाहेरच्या थरात न जाता अंगालाच चिकटून बसलेला. विकणाऱ्याला मेल टाकला तर त्यांचं उत्तर, सॉफ्टनर वापरलं असंल तर वॉरंटी नाही. तीन मेल भांडलो, काही निघालं नाही. लेबलवर लिहिलेलं होतं हे खरं आहे, पण एवढ्या बारीक अक्षरात की भिंग लागावं, आणि कामून वापरायचं नाही ते कुठंच नाही. सॉफ्टनरचा पातळ थर धाग्यावर बसतो, मग धागा घाम पुढं सरकवत नाही, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर माझे पैसे धोक्यात आले नसते. मी त्या रागात वहिनीला फोनवर बोललो. बोलायला नको होतं, पुढं कळेल.

आमच्यातला एक जुना गाईड म्हणला, फेकू नको, साबण न टाकता नुसत्या कोमट पाण्यात बुडव. बुडवला. साबणाचा एक थेंब नाही आणि टबात फेस! पाणी बदललं, परत फेस. तिसऱ्या पाण्याला कमी, पाचव्याला पाणी स्वच्छ. दोन दिवस सुकवून घातला तर नव्यासारखा नाही, पण पाऊण तरी परत आला. तेव्हा माझं मत बदललं. सॉफ्टनर एकदाच, एक झाकण पडलेलं, पावडर मात्र चार धुण्यांची आत साठलेली. धागे त्यानं एकमेकाला धरून बसले, मधली हवा गेली. चूक वहिनीची नव्हतीच, मुख्य चूक माझ्या पावडरीची आणि आपल्या पाण्याची. वहिनीला फोन करून तसं सांगितलं.

या पाण्याचंच मला सारखं डोक्यात येतं. सिल्फ्राचं पाणी लांगयोकुल हिमनदीचं, लाव्हाच्या खडकातून गाळत गाळत यायला कित्येक दशकं लागतात, आणि तिथलं नळाचं पाणी इतकं मऊ की साबण धुऊनच निघत नाही वाटतं. आपल्या मराठवाड्याखालीबी लाव्हाच आहे, तोच काळा बेसाल्ट, फक्त साडेसहा कोटी वर्षांचा जुना. पण आपलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमनं इतकं जड की नळाच्या तोंडाला पांढरी पुटं चढतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो, आणि आपल्याकडं ६०० च्या पुढचे बोअर काही नवलाचे नाहीत. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, पावडर कमी काम करते, म्हणून आपण जास्त टाकतो, आणि ती निघायला पुन्हा तेच जड पाणी.

यंदा दिवाळीला घरी आलो तेव्हा आईला हे सगळं सांगत बसलो होतो. ती चुलीपाशी तुरीची डाळ टाकत होती, म्हणली, "आरं, ज्या पाण्यात डाळ शिजंना त्या पाण्यात तुझा साबण कसा निघंल?" लातुरात घरोघरी हे माहीत आहे, बोअरचं पाणी वापरायला आणि डाळ शिजवायचं गोडं पाणी वेगळं, एका घागरीत राखलेलं. मी मेल लिहीत बसलो आणि उत्तर चुलीपाशी होतं.

आता असं करतो. नळाचं मांजरा धरणाचं पाणी आठ-दहा दिवसाला येतं, आणि पत्र्यावरून काळ्या टाकीत उतरवलेलं परतीच्या पावसाचं पाणी आहे, डाळीचं गोडं पाणी ते हेच. सूट उलटा करायचा, चेन आणि वेल्क्रो बंद, नाहीतर वेल्क्रो अस्तराची लव ओढून काढतं. पावडर बंद, साधं लिक्विड, तेबी बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं. पाणी ३० डिग्रीच्या वर नाही, ब्लीच नाही, ड्रायक्लीन नाही, इस्त्री तर नाहीच. टबात पायानं हळू दाबायचा, पिळायचा नाही, आपटायचा नाही. सेमी मशीनच्या स्पिनरमध्ये मावत नाही, कोंबायच्या भानगडीत पडू नका. पहिली दोन पाणी बोअरची चालतात, शेवटची दोन या गोड्या पाण्याची, त्यातल्या एकात चमचाभर लिंबूफूल. शेवटच्या पाण्यात फेस दिसला तर अजून एक.

हे शेवटचं पाणी टाकताना हात अडखळतो, खरं सांगतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी शाळेत होतो आणि घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलोय. पन्नास-साठ लिटर गोडं पाणी एका कपड्याला, हे आईपुढं बोलताना मला लाज वाटली. ती काही बोलली नाही, बादल्या आणून ठेवल्या, आणि निथळलेलं पाणी पेरूच्या आळ्यात ओतलं.

मुळात सूट धुवायचाच कमी, हे दुसरं शिकलो. दर टूरनंतर उलटा करून वाऱ्याला टाकला की बहुतेक वास जातो. घाम टिपायला आत मेरिनो लोकरीचं पातळ बनियन घाला आणि ते मात्र वारंवार धुवा. सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं. मेरिनोला प्रोटीन खाणारे एन्झाइमवाले लिक्विड टाळा, लोकर प्रोटीनचीच असते. आई ते रिठ्याच्या पाण्यात धुते, रंग काळा असल्यानं डागाची भीती नाही, आणि रिठा जड पाण्यातबी चोथा करत नाही. आणखी एक, बॅगेत जागा वाचवायला मी सूट व्हॅक्यूम पिशवीत दाबून आणलता, तेबी चुकलं, भरण चपटं होतं. आता सैल गुंडाळतो, त्यापायी एक बॅग जास्तीची झाली तरी चालेल.

वाळवायचं मात्र इथंच खरं. तिथं ड्रायिंग रूममध्ये दोन दिवस लागतात. दोरीवर खांद्यानं टांगला तर पाण्याच्या वजनानं ताणतो, म्हणून आपली सुंभाची बाज बेस्ट, खालूनबी वारं लागतं. उन्हात नको, अशा कृत्रिम धाग्यांना ऊन खातं. परवा ओसरीत बाजेवर सकाळी आठला टाकला, दिवाळीनंतरचं कोरडं वारं सुटलेलं, दुपारी दोनला उलटला, चारला आतली शिवणसुद्धा सुकी. हातात घेतला तर फुगलेला, हलका, पहिल्या महिन्यासारखा. वहिनीनं गालाला लावून बघितला.