केपा मागवल्या, टिकल्या आल्या, २६,०६९ रुपये गेले

२,८५०, मग ४,७२०, मग ६,९९९, मग ११,५००. एकूण २६,०६९. बंदुकीच्या केपा, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक टोप्या, मोबाईलवरून मागवल्या आणि एवढे गेले. आकडे आधीच देऊन टाकतो, कारण पोलीस ठाण्यात, बँकेत, भावकीत पहिला प्रश्न "किती गेले?" हाच येतो, आणि उत्तर ऐकून समोरच्याच्या तोंडावर जे हसू येतं ते आता मला पाठ झालंय.

आमचं रान शिराळा तालुक्याच्या वरच्या अंगाला, चांदोलीच्या जंगलाच्या बाजूला. भुईमूग, मका, थोडा ऊस. डुकरांचा कळप शिरला की सकाळी भुईमुगाचा वाफा नांगरल्यागत दिसतो. गव्यांचं तर विचारूच नका. आजोबांपासून घरात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. परवाना रीतसर माझ्या नावावर, नूतनीकरण वेळेवर. आणि "शिकार करता काय?" म्हणून तोंड वर करून विचारणाऱ्यांसाठी एकदाच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, पिकात घुसलेलं डुक्कर मारायचं म्हटलं तरी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. आम्ही हवेत बार काढतो. कळप पुढच्याच्या शिवारात जातो, पुढचा त्याचा बार काढतो.

ठासणीला काडतूस नसतं. सगळा खेळ केपेवर. घोडा केपेवर पडला, ठिणगी आत गेली तर बार. केप सादळलेली निघाली की सगळं मुसळ केरात. आमच्याकडं पावसाळ्यात हवाच अशी की डबीचं झाकण नीट लागलं नाही तर डबीच टाकून द्यावी. त्यात माप. दहा नंबर आणि अकरा नंबर यांत फरक अगदी बारीक, पण निपलवर, म्हणजे केप जिथं बसते त्या बारीक नळीवर, ढिली केप गळून पडते आणि घट्ट केप पहिल्या ठोक्याला नुसती खाली बसते, फुटत नाही. आमच्या बंदुकीला अकराच लागते. परवान्यावर माल देणाऱ्या दुकानात उन्हाळ्यापासून एकच उत्तर, "पुढच्या आठवड्यात बघा." सप्टेंबर आला, शेंगा भरल्या, पुढचा आठवडा काही आला नाही. आता मी काय करायचं होतं?

मोबाईलवर जाहिरात दिसली. परराज्यातलं "गन हाऊस". काउंटरवर टांगलेल्या बंदुकांचा फोटो, जीएसटी नंबर, दुकानाच्या परवान्याची प्रत. माझा परवाना आणि आधार त्यानंच मागून घेतलं. परवाना मागतोय म्हणजे माणूस कायदेशीरच असणार, असं कोणालाही वाटलं असतं. ५०० केपा, २,८५० रुपये, कुरिअर फुकट.

आणि इथंच ते झालं, जे आठवलं की अजून रात्री उठून बसतो. त्यानं विचारलं, "सर, लार्ज राइफल चाहिए या स्मॉल राइफल?"

ठासणीच्या केपेला लार्ज आणि स्मॉल रायफल नसतं हो! ते प्रायमरचं माप, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या बुडातल्या वाटीचं. पुढं त्यानं फोटो पाठवला. प्लास्टिकचा ट्रे, शंभर खाचा, प्रत्येक खाचेत चपटा पितळी प्रायमर. दोन-तीन उताणे ठेवलेले, त्यांच्या पोटात तीन पायांचा बारीक तुकडा दिसत होता. केप तशी नसतेच. ती उलट्या पेल्यासारखी, तोंड उघडं, निपलवर वरून बसते. प्रायमर काडतुसाच्या बुडात दाबून बसवतात. तो तीन पायांचा तुकडा म्हणजे अॅन्व्हिल, ठोका बसला की ज्यावर आतला मसाला चिरडून पेटतो ती ऐरण. बॉक्सर पद्धतीत तो प्रायमरच्याच पोटात असतो, बर्डन पद्धतीत काडतुसाच्या बुडात घडवलेला असतो. लार्ज रायफल ०.२१० इंच, स्मॉल रायफल ०.१७५ इंच. अमेरिकेत घरी काडतुसं भरून हरणाच्या शिकारीला जाणारे लोक यावर तासन्‌तास वाद घालतात. कडाक्याच्या थंडीत, सावकाश जळणाऱ्या दारूच्या मोठ्या भरणीला साधा प्रायमर पुरेल की जास्त जोराची ठिणगी देणारा मॅग्नम हवा, आणि प्रायमर बदलला तर दारूचं माप पुन्हा खालपासून चढवत आणायचं, वगैरे. ते तिकडचं. आपल्याकडं परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा बनवल्याचा गुन्हा. हे सगळं आता तोंडपाठ आहे. तेव्हा एवढंच दिसलं की हे आपल्या केपेसारखं नाही. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "नया मॉडल है सर, सब में लगता है." सब में! ज्याला केप आणि प्रायमर यांतला फरक कळत नाही, तो बंदुकीचं दुकान चालवतो? पण मका अर्धा आडवा झालेला, कळप रोजचा. डोकं ठिकाणावर ठेवून फोटो बघायला वेळ कोणाला होता?

पार्सल आलं. वरती खाकी टेप, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि बोळ्यांत लाल प्लास्टिकच्या रिंगा. दिवाळीत पोरं खेळण्यातल्या पिस्तुलात घालतात त्या, एका रिंगेला आठ टिकल्या.

तुम्हाला वाटेल फसवणूक इथं संपली. २,८५० तर नुसती बोहनी होती, खरी लूट पैसे परत करायच्या नावाखाली झाली. फोन केल्यावर तो इतका नरमाईनं बोलला, "गोदाम में मिक्स हो गया सर," की मलाच वाईट वाटलं. बदली मालाच्या वाहतूक परवान्याचे ४,७२०. मग "रिफंडेबल डिपॉझिट" ६,९९९. मग रिफंड अडकलाय म्हणून एक रिक्वेस्ट आली, पिन टाकला, पैसे यायच्या ऐवजी ११,५०० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. कोरून ठेवा.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, ते एक बरं. पुढं ठाणं. हवालदारांनी रिंगांचं खोकं हातात घेतलं, आतल्या खोलीतल्या दोघांना बोलावून दाखवलं, तिघं पोटभर हसले. मग म्हणाले, "अहो, टिकल्या आल्या हे नशीब समजा. खऱ्या केपा आल्या असत्या तर आज फिर्यादी म्हणून नव्हे, आरोपी म्हणून बसला असता." कायद्यानं ते खरंच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात आणि ते घ्यायचे परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच. नेमकं हेच त्या भामट्याला ठाऊक असतं. माल असा निवडतो की गिऱ्हाईक तक्रारीला जायलाच बिचकतं. पण मग ठाण्यानं त्याला धरायचं की मला घाबरवायचं?

"सायबरकडं जा." गेलो. "आधी तुमच्या ठाण्यात नोंद करा." परत. "गुन्हा परराज्यात घडलाय." मी सांगितलं, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, नोंद घ्यावी लागते. "वकील आहात का?" नाही. "मग बसा." बसलो. दुपारची संध्याकाळ झाली, अर्जावर पोच म्हणून शिक्का मिळाला, गुन्हा नोंदवला नाहीच. बँकेनं समोरच्या खात्यात शिल्लक सापडलेले १,३१२ रुपये गोठवलेत, ते मला हवे तर कोर्टाचा आदेश आणा म्हणे. १,३१२ साठी वकील किती घेईल याचा हिशेब तुम्हीच करा.

सगळ्यात कहर परवान्याच्या टेबलावर. परवान्याची प्रत अनोळखी माणसाच्या हाती कशी गेली याचा खुलासा, तीन प्रतींत. परवाना निलंबित का करू नये, हेही त्याच कागदात. म्हणजे लुटलं मला आणि नोटीसही मलाच! दुकानात केपा का मिळत नाहीत याचा खुलासा मात्र कोणी कोणाला मागत नाही.

आणि ती प्रत आता त्या भामट्याच्या कामाला लागलीय. परवा सरपंचांकडं कराडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "तुमच्या गावात हे केपा विकतात ना? त्यांचा परवाना बघितलाय मी." त्याचे २,८५० गेलेच होते, पुढचे वाचले. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कोणाला, कशासाठी, तारीख. खरा विक्रेता मूळ परवाना समोर बघतो, विकलेला माल त्यावर नोंदवतो. टपालानं, कुरिअरनं केपा येत नाहीत, कोणी येतात म्हणालं की फोन ठेवा. फसलातच तर आधी १९३०, मग बायको.

रिंगांचं खोकं माळ्यावर आहे. धाकटा रोज मागतो. पुरावा आहे, पंचनामा झाल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठाण्यातून सांगितलंय, आणि पंचनाम्याला अजून कोणी फिरकलेलं नाही.