पितळी पाटी भिंतीवर लावायची कशी: टेप, स्क्रू की स्टड?

नाशिकमध्ये पितळी पाटी करून मिळायला अडचण पडत नाही. भांडीबाजारात पितळेची जाण असलेली माणसं आहेत, अंबड-सातपूरकडे लेझरवर अक्षरं कोरून देणारे आहेत. अडचण येते ती पाटी हातात आल्यावर, कारण ज्याला विचाराल तो आपल्या हातातल्या हत्याराप्रमाणे सल्ला देतो. इलेक्ट्रिशियन स्क्रू सुचवतो, ग्रॅनाइटवाला अ‍ॅराल्डाइट, दुकानांचे बोर्ड लावणारा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. तिघांचंही आपापल्या जागी चुकत नाही. मी घरच्या आणि नात्यातल्या पाट्यांवर हे सगळे प्रकार पाहिलेत, काही स्वतः लावलेत, आणि आता माझं मन एका पद्धतीवर बसलंय. ती कोणती हे पुढे येईलच, पण बाकीच्यांनाही त्यांचा मान द्यायला हवा.

टेप आणि सिलिकॉन

काच, ग्रॅनाइट, चकचकीत टाइल, पावडर कोटिंगचा दरवाजा अशा गुळगुळीत पृष्ठभागावर चांगल्या प्रतीची अ‍ॅक्रिलिक फोम टेप खरोखर काम करते. भाड्याच्या गाळ्यात, जिथे मालक भोक पाडू देत नाही, तिथे तर तीच घ्या. फक्त दोन गोष्टी पाळा. पाटीचं वजन आधी काढा: ४५० बाय ३०० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची पितळी पाटी साधारण साडेतीन किलो भरते. कायमच्या भाराला दर किलोमागे ५५ ते ६० चौरस सेंटिमीटर टेप हवी असते. १२ मिलिमीटर रुंदीची टेप चारही कडांना फिरवूनसुद्धा हा हिशोब पुरा होत नाही, मधे आणखी पट्ट्या लागतात. दुसरं, टेपला पूर्ण पकड यायला ३ दिवस जातात. म्हणून पहिले ३ दिवस खालून आधार असू द्या.

रंगवलेल्या भिंतीवर मात्र टेप लावू नये असं मला वाटतं. टेप रंगाला धरते, रंग पुट्टीला आणि पुट्टी गिलाव्याला. यातला सगळ्यात कच्चा थर जेवढं पेलेल तेवढीच तुमची पाटी टिकणार. गंगापूर रोडला एका ओळखीच्यांकडे पावसाळ्यात पाटी खाली आली, तेव्हा टेप जशीच्या तशी पाटीला होती आणि टेपवर भिंतीच्या रंगाचा अख्खा पापुद्रा.

सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. ते सुकताना आम्ल सोडतं, आणि पितळेच्या कडेला हिरवट डाग धरतो. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या.

मागून स्टड, पुढून कोरी पाटी

दिसायला हा प्रकार सगळ्यात सुंदर, यात वाद नाही. पाटीच्या पाठीला पितळी स्टड, म्हणजे आखूड सळया, जोडलेले असतात, भिंतीत भोकं पाडून त्यांत इपॉक्सी (अ‍ॅराल्डाइटसारखा दोन भाग मिसळून लावायचा गोंद) भरायचं आणि पाटी दाबून बसवायची. समोरून एकही खूण दिसत नाही. काळ्या दगडाला तर ही पद्धत फार शोभते. आपल्याकडचा बेसाल्ट घट्ट असतो, भोक स्वच्छ पडतं आणि इपॉक्सी त्याला छान धरतं. भोकातली धूळ मात्र सायकलच्या पंपाने हवा मारून पूर्ण काढायला हवी, नाहीतर इपॉक्सी दगडाऐवजी धुळीला चिकटतं. जुनं दगडी बांधकाम असेल तर भोक दगडात पाडू नका, दोन दगडांमधल्या दर्जेत पाडा. दर्ज पुन्हा भरता येते, दगड भरता येत नाही.

रस्त्यावर, उद्यानात, स्मशानभूमीत, जिथे रात्री कुणी नसतं, तिथेही मी हीच पद्धत सुचवेन. पितळ मोडीत विकलं जातं आणि दिसणारा स्क्रू काढायला वेळ लागत नाही.

स्क्रू आणि गिट्टी

ही सगळ्यांच्या ओळखीची पद्धत: भिंतीतल्या भोकात गिट्टी, म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ खुंटी, ठोकायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा. वीट आणि सिमेंटच्या गिलाव्याला उत्तम. एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या नव्या भिंतीत साधी गिट्टी सैल पडते, तिथे त्या ब्लॉकसाठी मिळणारी लांब नायलॉनची गिट्टीच हवी आणि ड्रिलचं हॅमर बंद. टाइल आणि ग्रॅनाइटलाही हॅमर बंद ठेवूनच सुरुवात करायची. चुन्याच्या जुन्या भिंतीत, म्हणजे पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशिकच्या वाड्यांत, गिट्टीवर भरवसा ठेवणं अवघड आहे. तिथे आधी सागाची फळी लांब स्क्रूंनी विटेपर्यंत धरून घ्यावी आणि पाटी फळीवर लावावी.

लाकडाला तर स्क्रूच. सागात लोखंडी स्क्रू काळा डाग सोडतो, म्हणून पितळी हवा. पण पितळी स्क्रू मऊ असतो आणि कठीण लाकडात पिळताना डोकं तुटून हातात येतं. जुने सुतार आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत फिरवून आटे पाडून घेतात, तो काढतात आणि मग पितळी स्क्रूला मेण लावून हलक्या हाताने बसवतात. असा बसवलेला स्क्रू तुटलेला मी पाहिला नाही.

लोखंडी गेटवर पाटी लावताना मधे नायलॉनचे वॉशर घाला. पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले राहिले आणि पाणी लागलं की गंज लोखंडाला चढतो, आणि त्याचे तांबूस ओघळ खाली उतरतात.

ज्या त्रासाने माझा निर्णय झाला

इथपर्यंत वाचून वाटेल की भिंत बघावी आणि पद्धत निवडावी. मीही बरीच वर्षं तसंच सांगायचो. पण पितळी पाटी घासावी लागते, आणि ती भिंतीवरच घासायची म्हटलं की काय होतं ते पंचवटीतल्या काकांच्या घरी दर दिवाळीला बघायला मिळतं. मागून स्टड लावून इपॉक्सीत पक्की केलेली, दिसायला देखणी पाटी. काकू चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन उभ्या राहतात. पितळ पिवळंधमक होतं, पण काळं पाणी खालच्या कडेला जमतं, तिथून पाटीमागे शिरतं आणि चुन्याच्या रंगावर वीतभर लांबीचा ओघळ उमटतो. चिंचेचं आम्ल चुन्याला खातं, त्यामुळे तो पुसून जात नाही, तिथला चुना खरखरीत होतो. पावडरने घासलं तर ओघळ कमी, पण अक्षरांच्या आणि कडांच्या खाचांत पांढरा राप बसतो, आणि तो काढायला पुन्हा पाणीच लागतं.

"अरे, ही काढून देता येत नाही का रे? खाली पाटावर बसून नीट घासली असती," असं काकूंनी मला विचारलं होतं.

"काकू, काढायची तर आता भिंत फोडावी लागेल," एवढंच मी म्हणू शकलो.

लॅकर (वॉर्निशसारखा पारदर्शक थर) मारलं की घासायला नको, असं करून देणारे सांगतात. काही वर्षं ते खरं असतं. पण पश्चिमेच्या उन्हात आणि तिरप्या पावसात लॅकर सगळीकडे सारखं उतरत नाही, ठिगळं पडतात आणि ठिगळांखाली पितळ काळवंडतं. ते साफ करून पुन्हा लॅकर मारायला पाटी हातात यायलाच हवी. घराला रंग देतानाही तेच. पाटी निघत नसेल तर रंगारी कडेने ब्रश फिरवतो आणि पाटीभोवती जुन्या रंगाची किनार राहून जाते.

मग स्क्रू काढून घालावेत की, असं कुणी म्हणेल. दोन-चार वेळा चालतं. नंतर गिट्टीतले आटे मरतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो.

म्हणून आमच्या घरी मी स्टड पाटीऐवजी भिंतीत ठेवला. स्टेनलेस स्टीलची ६ मिलिमीटरची आट्यांची सळई कापून घेतली, ८ मिलिमीटरच्या भोकात इपॉक्सीने कायमची बसवली. पाटीच्या चार कोपऱ्यांत ७ मिलिमीटरची भोकं, मागे सळईवर नायलॉनचा वॉशर, पुढून घुमटासारख्या डोक्याचा पितळी डोम नट. पाना लावला की नट निघतात, पाटी हातात येते, भिंतीतलं काही हलत नाही. दिवाळीला पाटी अंगणातल्या नळाखाली घासली जाते आणि भिंत कोरडी राहते.

बारकावे थोडे आहेत. पाटीतलं भोक सळईपेक्षा मोठं ठेवायचं, कारण ४५० मिलिमीटर पितळ ५० अंशांनी तापलं की साधारण ०.४ मिलिमीटर वाढतं, आणि उन्हातली भिंत तेवढी वाढत नाही. नट पितळीच घ्या. स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे कधीकधी एकमेकांना धरून बसतात आणि मग सुटत नाहीत. डोम नट पुढून बंद असतो, त्यामुळे सळई जास्त बाहेर राहिली तर नट टोकाला टेकतो आणि पाटी खुळखुळते. सळई कापण्याआधी मोजून घ्या. मागचं अंतर २-३ मिलिमीटरच ठेवा. पाणी निथळायला तेवढं पुरतं. १०-१२ मिलिमीटरचे स्पेसर दिसायला छान, पण त्या फटीत कुंभारमाशी मातीचं घर करते आणि ओल्या मातीचा डाग भिंतीवर राहतो.

चार नट समोर दिसतात, हे खरं. ज्याला अगदी कोरी पाटी हवी त्याला ते खटकेल, आणि त्याने मागून स्टडच लावावेत. स्टीलची किंवा ग्रॅनाइटची पाटी असेल, जी घासावी लागत नाही, तर मीही कदाचित तेच करीन. चुन्याच्या पोकळ भिंतीत सळईसुद्धा धरत नाही, तिथे सागाची फळी आहेच. पण पितळ असेल, घराची भिंत असेल आणि दर सणाला ती उजळायची असेल, तर डोम नट जरूर विचारात घ्या.

हे पाटी करायला टाकण्याआधी ठरवा. कोपऱ्यांपासून किमान २० मिलिमीटर आत भोकांची जागा मोकळी सोडायला सांगा, अक्षरं त्यानुसार बसतात. पाटी आली की तिच्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या आणि भिंतीवर भोकं त्या साच्यावरूनच मारा.