नौपाड्यातील इतिहासाचा सायंवर्ग : अमेरिकी साम्राज्यवाद हा घटक

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेसाठी मराठीतून जगाचा इतिहास शिकवणारा एक सायंवर्ग ठाण्यात नौपाड्यात चालतो. त्यातील अमेरिकेच्या महासत्ता होण्याचा घटक इतका चांगला शिकवला गेला, की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

बहुतेक ठिकाणी हा विषय १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धापासून सुरू होतो. येथे सरांनी युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत हस्तक्षेप करू नये असे बजावणारे १८२३ चे मन्रो धोरण, १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना घेतलेले अलास्का आणि आरमारी सामर्थ्याविषयीचे अमेरिकी नौदल अधिकारी मॅहन यांचे विचार, असा पाया आधी घातला. त्यानंतर फळ्यावर पॅसिफिक महासागराचा नकाशा काढून हवाई, ग्वाम आणि मनिला ही चीनच्या बाजारपेठेकडे जाणाऱ्या वाफेच्या जहाजांची कोळसा भरण्याची ठिकाणे कशी ठरली, हे त्यांनी दाखवले. हवाईच्या राणीला १८९३ मध्ये पदच्युत करण्यामागे तेथील अमेरिकी साखर बागायतदारांचा हात होता, तरी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी विलीनीकरणाला नकार दिला. मात्र १८९८ मध्ये स्पेनच्या आरमाराविरुद्धच्या मनिला उपसागरातील लढाईनंतर सुमारे दोन महिन्यांतच ते पार पडले. व्यापार, आरमार आणि युद्ध यांची ही साखळी मला प्रथमच नीट उमगली. पनामा कालव्याचा भाग थोडक्यात, पण व्यवस्थित झाला.

छापील नोट्स मात्र व्याख्यानांच्या तोडीच्या नाहीत. त्यांत स्पेनशी झालेल्या पॅरिसच्या तहाने दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात अमेरिकेला फिलिपिन्स मिळाले, एवढ्यावर विषय संपतो. फिलिपिनो नेते आग्विनाल्दो यांनी १२ जून १८९८ रोजीच स्वातंत्र्य घोषित केले होते आणि फेब्रुवारी १८९९ पासून तीन वर्षांहून अधिक काळ तेथील लोक नव्या अमेरिकी सत्तेशी लढले, याचा त्यांत उल्लेखही नाही. या युद्धात सुमारे वीस हजार फिलिपिनो सैनिक मारले गेले आणि हिंसा, उपासमार व रोगराईमुळे दोन लाखांपर्यंत नागरिक मृत्युमुखी पडले असावेत, असा अंदाज आहे. ज्या ठाण्याच्या तुरुंगात १९१० मध्ये अनंत कान्हेरे फाशी गेले, तेथे बसून साम्राज्यवाद शिकताना जित लोकांची बाजू गाळलेली मला खटकते. शिवाय साम्राज्यवादाच्या परिणामांवरील प्रश्नाचे उत्तर या भागाविना अपुरेच राहते.

व्याख्यानांसाठी हा वर्ग अवश्य लावावा. फिलिपिन्सचे टिपण मात्र प्रत्येकाने स्वतः तयार करावे.