घरून काम करणारी टीम आणि बोलण्याची साधनं: आठ महिन्यांनंतर

आमची सहा जणांची टीम. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. तिघं पुण्यात, दोघी स्टुटगार्टला (मूळच्या सांगलीकडच्या) आणि एक जण रत्नागिरीजवळ आपल्या गावी. सहाही जण एका खोलीत अजून कधी बसलेलो नाही. आठ महिन्यांपासून स्लॅक (कामाच्या चॅटचं ॲप) आणि गूगल मीट (व्हिडिओ कॉलसाठी) वापरतोय; व्हॉट्सॲप आधीपासून होतंच.

कामाच्या नोंदींना लेखी चॅटच बरं. कोणत्या बिल्डमध्ये (सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगला आलेल्या आवृत्तीत) काय बिघडलं, ते थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच मेसेजखालच्या उत्तरांत, लगेच सापडतं. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत, म्हणून महत्त्वाचे निर्णय वेगळे लिहून ठेवावेत.

माणसं सांभाळायची तर मात्र चॅट पुरत नाही. दुसऱ्याच महिन्यात मी रत्नागिरीच्या सहकाऱ्याला लिहिलं, "हे पुन्हा बघ." उत्तर आलं, "ठीक आहे." पुढचे दोन दिवस तो कामापुरतंच बोलत होता. शेवटी फोन लावला. माझा त्याच्या कामावर विश्वास नाही, असं त्याला वाटलं होतं. मला तर एवढंच सांगायचं होतं, की क्लायंटने आकडे बदललेत. चार मिनिटांत मिटलं, पण त्या दोन दिवसांची चुटपुट मला अजून आहे.

डाफ्ट आणि लेंगेल या अमेरिकन अभ्यासकांनी १९८६ मध्येच मांडलं होतं, की ज्या गोष्टीचे दोन अर्थ निघू शकतात तिला समोरासमोर बोलण्याच्या जवळचं माध्यम हवं. आमचा नियम त्यातूनच आला: दोन मेसेजमध्ये उलगडलं नाही तर तिसरा टाइप करायचा नाही, हडल लावायचं, म्हणजे स्लॅकमधूनच झटपट कॉल. कॅमेरा नाही, लिंक नाही, नुसता आवाज. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. व्हिडिओ आठवड्यातून एकदाच ठेवलाय. रोज सक्तीचा होता तेव्हा सगळेच थकायचे, आणि गावाकडे रेंज गेली की चेहरे गोठायचे.

व्हॉइस नोटचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. जर्मनी आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. त्यांची सकाळ होईपर्यंत आपली नोट पोचलेली असते, सुरासकट. जुलैत रत्नागिरीहून आलेल्या एका नोटमध्ये मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. दुसऱ्या दिवशी स्टुटगार्टहून एकीचा कामाच्या आधी प्रश्न आला, "आजही तसाच कोसळतोय का रे?" त्यानंतर ते दोघं एकमेकांशी मोकळेपणी बोलायला लागले.

व्हॉट्सॲपवर सातनंतर कामाचं काही टाकायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आमच्याकडे उशिरा ठरलं, त्याचा त्रास झाला.

पुढच्या महिन्यात टीममध्ये सातवी सहकारी येतेय. पहिल्या आठवड्यात तिचं प्रत्येकाशी एकेक हडल ठेवलंय, कामाचा विषय न काढता.