परदेशी निघालात? आधी दर्यापूर–अंजनगाव रस्त्यावरचं बचत गटाचं दुकान गाठा

परदेशी निघालेल्या मुलामुलींना खाऊचे डबे बांधून देणारी दुकानं अमरावतीत आहेत, नागपुरात तर पुष्कळच आहेत. तरी वऱ्हाडातून कुणी बाहेर निघालं की मी त्याला आमच्या गावच्या फाट्यावरचं बचत गटाचं दुकान सांगते. शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांपासून जवळच आहे. टिनाचं शेड, पुढं हिरवी जाळी, जाळीखाली खाटांवर वाळवण. बोर्ड लहान आहे, गाडी जोरात असेल तर फाटा मागं राहतो.

इथं माल नंतर दाखवतात, चौकशी आधी होते. गट चालवणाऱ्या काकू विचारतात, "कोन्त्या देशात चालली माय? शेगडी गॅसची हाये का करंटची? संग कोन राह्यते? सुट्टी कवा असते?" या उत्तरांवर तुमचा डबा ठरतो. दुसऱ्या कुठल्याही दुकानात मला हे कुणी विचारलेलं नाही.

मी जर्मनीत, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या एका लहान गावात नर्स आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या तालुक्यातल्या मुलीही जर्मन शिकायचं म्हणतात. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे. माझ्या खोलीत काचेची, करंटवरची शेगडी आहे. आपला खोलगट तवा तिच्यावर नीट टेकत नाही, आणि भाकर फुगवायला विस्तव नाही. काकूंनी मला सपाट बुडाचा बिडाचा तवा घ्यायला लावला. तो त्यांच्याकडे नव्हता, अंजनगावच्या बाजारातून आणायला सांगितला. भाकर तव्यावरच उलटून फडक्यानं कडेकडेनं दाबत कशी फुगवायची, ते शेजारी बसवून करून दाखवलं. तिथल्या शेगडीवर आज माझी भाकर टम्म फुगते.

ज्वारीचं पीठ त्या दोन किलोच्या वर देत नाहीत, कितीही मागा. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, थापताना कडा फाटतात. त्यांचा हिशोब असा, की पहिले काही आठवडे साध्या पाण्यात भिजवून भाकर, नंतर उकळत्या पाण्यात पीठ उकडून भाकर, आणि शेवटी उरलेल्याची धिरडी. तसंच होतं. दुकानदारानं गिऱ्हाइकाला कमी माल घ्यायला लावावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जवसाची चटणी या दुकानाची सगळ्यात चांगली वस्तू. जवस तडतडेपर्यंत भाजलेलं, लसूण भरपूर, तिखट बेतानं, आणि अगदी बारीक न करता भरड ठेवलेली. जिभेवर दाणा लागतो. मी किलोभर मागितली तर काकूंनी पाव किलोचं एकच पाकीट पुढं केलं. जवस तिकडं मिळतं का, एवढं विचारलं. मिळतं, तिथल्या साध्या किराणा दुकानातही मिळतं, पावावरही लावलेलं असतं. मग म्हणाल्या, "सगळंच इथून नेशीन त तिथल्या दुकानात कवा शिरशीन? हे संपलं का तूच कर." आणि प्रमाण कागदावर लिहून दिलं. आता मी तिथलं जवस भाजते, चटणी करते, आणि रात्रपाळीच्या डब्यात राय धान्याच्या काळ्या पावावर पसरून नेते. पाव त्यांचा, चटणी आपली. सोबतच्या नर्स मागून खातात. मला तो पाव मनापासून आवडायला लागला तो या चटणीमुळंच, आणि यात काही सोडून दिल्यासारखं मला वाटत नाही.

तिखट मात्र इथूनच न्यावं. तिथं रविवारी दिवसभर शांतता पाळतात, रात्री दहा ते सकाळी सहा आवाज चालत नाही, आणि माझी सुट्टी बहुतेक रविवारीच येते. तेव्हा खलबत्ता वाजवायचा नाही. छताला धुराचं यंत्र आहे, मिरची भाजायला घेतली की ते बोंबलतं. म्हणून भाजणं-कुटणं इथं उरकून न्यायचं. त्यांच्या तिखटात भिवापुरी मिरची आहे, रंग आणि झणका दोन्ही आहेत. हळद वायगावची ठेवतात. बेसन खारपाणपट्ट्यातल्या हरभऱ्याचं. आमच्याकडं विहिरीचं पाणी खारं, हरभरा जमिनीच्या ओलीवरच वाढतो, आणि त्या दाळीची चव वेगळीच. मुंगवड्याही घ्या. थकून आलं की कांदा परतून रस्सा, अर्ध्या तासात जेवण.

काय नेता येत नाही, तेही इथं नीट सांगतात. युरोपात सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे खवा, पेढे, आईनं कढवलेलं तूप सगळं घरीच ठेवायचं. ताजी फळं, भाजीपाला, पानं यांना झाडपाल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन सुटतात. म्हणजे नारळ जातो, वरूड-मोर्शीचं संत्रं आणि गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, पानं राहतात. काकूंनी हे भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. आमच्या ओळखीतल्या एकीचं सामान विमानतळावर उघडून तूप काढून घेतलं होतं, ते कळल्यावर लिहिलं.

महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, आंबिलीचं पीठ त्या आधी सांगितलं तर वेगळं बांधून देतात. आमच्याकडं आंबिलीशिवाय महालक्ष्म्या होत नाहीत. मी वॉर्डात सरळ सांगून टाकलंय, की २४ डिसेंबरची संध्याकाळ आणि पुढचे नाताळचे दोन्ही दिवस माझी ड्युटी लावा, मला महालक्ष्म्यांना सुट्टी द्या. सगळ्यांना हे सोयीचं पडतं. नाताळच्या संध्याकाळी म्हाताऱ्या पेशंटांना मी त्यांची गाणी लावून देते, मेणबत्त्या मांडते, आणि ते काम मला आवडतं. महालक्ष्म्यांना माझ्या खोलीत दोन तांब्यांवर मुखवटे असतात, नैवेद्याला आंबील असते, आणि वॉर्डातल्या दोघीतिघी जेवायला असतात.

आता उणं. ठेचा घेऊ नका. चवीला उत्तम, पण डब्याचं झाकण घट्ट बसत नाही, तेल गळतं आणि कपडे जातात. कुरोड्या हवा काढून बांधतात, त्यामुळं पोचेपर्यंत चुरा होतो. त्या साध्या डब्यात मागा, वर कागद खुपसा. पाकिटांवर नाव पेननं लिहिलेलं, तेही मराठीत. तपासणीला कुणी विचारलं तर समजावत बसावं लागतं. इंग्रजीत छापील लेबल, त्यावर घटक आणि तारीख, एवढं या गटानं लवकर करायला हवं. मी सांगितलंय, नमुनाही करून पाठवलाय.

भाव शहरापेक्षा कमी आहेत, पण घासाघीस करू नका. त्या बाया उन्हातान्हात वाळवण राखतात. नेट वरचेवर जातं, रोख पैसे न्या. कुरोड्या-मुंगवड्या उन्हाळ्यातच भरपूर असतात, पोळ्यानंतर उरत नाहीत. पीठ निघायच्या दोन दिवस आधी दळून मागा. आणि आईवडिलांनी एकट्यानं जाऊन सामान आणू नये. जिला जायचं आहे तिला सोबत न्या, काकूंच्या प्रश्नांची उत्तरं तिलाच देता येतील.